पाच, पाच आणि एक जावई

“आठ नंबरला रविवारी बाहेर बसवायचं,” मी म्हटलं.

कमिटीतले दोघंही माझ्याकडे बघत राहिले. आठ नंबर मीच होतो.

गुरुवारची संध्याकाळ होती. हरीशेठच्या पॅकिंग शेडमध्ये संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या उलट्या करून आम्ही बसलो होतो. हरीशेठ म्हणजे क्लबचे अध्यक्ष, सौंसरचे, संत्र्यांचे व्यापारी. त्यांच्या समोर देवराव गुरुजी, क्लबचे सचिव, पांढुर्ण्याचे. गुरुजी शाळेतून रिटायर झालेत, त्यांचा आवाज अजून झालेला नाही. तिसरा मी, तीन आठवड्यांपूर्वी मॅनेजर झालेला.

मॅनेजर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या सासऱ्यांनाही दोन दिवस वाटत होतं की जावई बँकेत लागला. फुटबॉलमध्ये मॅनेजर टीम निवडतो, कोण कुठे खेळणार ते ठरवतो आणि हरल्यावर शिव्या खातो. मोठ्या क्लबात त्याच्या हाताखाली कोच असतात, डॉक्टर असतात. आमच्याकडे बॉलची जाळी, हवा भरायचा पंप आणि जीपवाल्याला सकाळी उठवणं हेही मॅनेजरकडेच. आमचे आधीचे कोच सरकारी नोकरीत होते, त्यांची बदली झाली. कमिटी म्हणाली, “तात्पुरतं तू बघ.” आमच्या भागात तात्पुरतं दिलेलं काम रिटायरमेंटपर्यंत चालतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी हो म्हटलं.

त्याआधी चौदा वर्षं मी मिडफिल्डर होतो. मागचे खेळाडू गोल वाचवतात, पुढचे गोल मारतात आणि फोटोत येतात. मधला माणूस मागच्यांकडून बॉल घेऊन पुढच्यांना नेऊन देतो. पोस्टमनसारखं काम. पत्र वेळेवर पोचलं तर त्याचं नाव कोणी काढत नाही. पाच वर्षं नागपुरात एका ऑफिसच्या टीमकडून खेळलो, मग गावी सौंसरला आलो, शाळेत पीटीचा मास्तर झालो आणि नऊ वर्षं या क्लबचा आठ नंबर. आता वय सदतीस. उजवा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना ओरडतो.

“काऊन?” हरीशेठनं विचारलं. “लागलं काय तुले?”

“नाही. अंकुश माझ्यापेक्षा चांगला खेळतो.”

अंकुश लोधीखेड्याचा, बावीस वर्षांचा. गेले वर्षभर प्रॅक्टिसला बसनं येत होता आणि मॅचला बाकावर बसत होता. प्रॅक्टिसमध्ये मी त्याला अडवायचो ते फक्त शर्ट धरून. महिनाभरापूर्वी त्याचा शर्ट फाटला. त्या दिवशी जे कळायचं ते मला कळलं होतं, पण तेव्हा मी मॅनेजर नव्हतो, म्हणून कळलं नाही असं दाखवता आलं.

आता दाखवता येत नव्हतं. आमचा जिल्हा नवा. काल-परवापर्यंत आम्ही जुन्या जिल्ह्याचे दोन तालुके होतो आणि त्यांच्या टीमनं आमची पोरं कधी घेतली नाहीत. नव्या जिल्ह्याची टीम म्हणजे आमचाच क्लब, आणि रविवारी त्याच जुन्या जिल्ह्याशी आमची आंतरजिल्हा स्पर्धेची सेमीफायनल होती, पांढुर्ण्याच्या मैदानावर. राज्याच्या कॅम्पसाठी पोरं निवडायला दोन सिलेक्टर येणार होते. कॅम्पला वयाची अट असते आणि अंकुशचं हे शेवटचं वर्ष. रविवारी तो मैदानात दिसला नाही, तर सिलेक्टरना पुन्हा कधी दिसणार नव्हता.

हे सगळं मी नीट समजावून सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकलं आणि बोटं मोजली.

“म्हणजे सौंसरचे सहा होतात.”

“सहा कसे? मी निघालो, तो आला. मीही सौंसरचा, लोधीखेडाही सौंसर तालुक्यात. बेरीज तीच राहते.”

“तुम्ही सौंसरचे कायचे? तुम्ही जवाई.”

इथे आमच्या क्लबची घटना सांगावी लागेल. ती लिहिलेली कुठेच नाही, म्हणून ती कोणी मोडत नाही. पूर्वी सौंसरचा क्लब वेगळा होता, पांढुर्ण्याचा वेगळा. दोघांनाही अकरा धड पोरं मिळेनात तेव्हा एकत्र आले. आता पांढुर्णा आणि सावरगाव यांचं बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून ते एकमेकांना दगड मारतात आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या पट्ट्या बघत चहा पितात. वर्षाचा हिशेब एका दिवसात संपतो. सौंसर आणि पांढुर्णा यांच्यात तसा काही दिवस ठरलेला नाही, त्यामुळे ते वर्षभर पुरवून पुरवून भांडतात. क्लब एक झाला तेव्हा ठरलं की टीममध्ये पाच यांचे, पाच त्यांचे. अकरावा दोघांचा असावा. आणि माझा जन्म सौंसरचा, बायको पांढुर्ण्याची.

हे मला त्या पेटीवर बसल्या बसल्या पहिल्यांदाच कळत होतं.

“एक मिनिट,” मी म्हटलं. “म्हणजे नऊ वर्षं तुम्ही मला जावई म्हणून खेळवलं?”

गुरुजी पेटीची फळी नखानं खरवडू लागले. मग हरीशेठ म्हणाले, “तसं नाही रे मधू. खेळतोस ना तू चांगला.”

“चालते,” गुरुजी म्हणाले.

‘चालते’ हा शब्द मला आजही ऐकू येतो. नऊ वर्षं प्रॅक्टिसमध्ये पांढुर्ण्याच्या एकाही डिफेंडरनं मला आडवं पाडलं नव्हतं. मी समजत होतो, माझं बॉलवरचं कंट्रोल तसं आहे. ते बिचारे जावयाचा मान ठेवत होते.

“दुसऱ्या कोण्या सौंसरवाल्याले बसव आन् त्याले घे,” हरीशेठनं तोडगा काढला.

“शेठ, आपले सौंसरचे पाच म्हणजे गोलकीपर, दोन डिफेंडर, दोन फॉरवर्ड. गोलकीपर काढून मिडफिल्डर कसा घालू? मधली जागा माझीच रिकामी होऊ शकते.”

“मंग तुम्हीच खेळा,” गुरुजी म्हणाले. “जवाईबापू, आमचं तुमच्यावर काई म्हणणं नाही. पण सहा-पाच होऊ देनार नाही.”

घरी आलो तो तोंड पाडून. संगीता, म्हणजे माझी बायको, मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, “तुला माहीत होतं?”

“सगळ्या पांढुर्ण्याले माहीत हाय,” ती म्हणाली. “बाबा तं लग्नाच्या आधीच म्हणत होते, पोरगा मिडफिल्डात फिट बसन.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“कायले सांगू? जवाई म्हणून घेतलं असन, पण नव्वद मिनिटं तुम्हीच धावून राहिले होते ना. बाबा थोडी धावत होते!”

मला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. चौदा वर्षांत मला कोणी प्लेअर ऑफ द मॅच दिला नाही, त्याचं मी मिडफिल्डरच्या नशिबात नसतं म्हणून समाधान करून घेतलं होतं. आता ते समाधानही गेलं. त्यात भर म्हणजे मनाचा एक कोपरा खूश झाला होता. कमिटीच नाही म्हणते, आपण काय करणार, शेवटची मॅच खेळून घे. हा कोपरा फार गोड बोलत होता. मी त्याला गप्प केलं असं म्हणणार नाही, पण शुक्रवारी सकाळी त्याच्यावर शर्ट चढवून प्रॅक्टिसला गेलो.

शुक्रवारी कमिटीनं स्वतःहून हालचाल केली. गुरुजी माणूस हट्टी, पण न्यायी. त्यांच्या मते अडचण पोराच्या खेळाची नव्हती, नात्याची होती. नातं नसेल तर जोडता येतं. त्यांनी अंकुशला बाजूला घेऊन विचारलं, “लग्न झालं का रे?”

“नाही, गुरुजी.”

दुपारपर्यंत अंकुशच्या मोबाईलवर पांढुर्ण्यातल्या तीन मुलींचे बायोडाटा आले. एकीची उंची, शिक्षण, रास आणि खाली गुरुजींची टीप, ‘मुलगी फुटबॉलला अनुकूल.’ अंकुश माझ्या शाळेत धापा टाकत आला. प्रॅक्टिसमध्ये मी त्याला इतकं दमलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“सर, मले वीस मिनिटं खेळवा, दहा मिनिटं खेळवा, नाई तं नका खेळवू. पण लग्न नका लावू. रविवारपर्यंत कसं होईन?”

“रविवारपर्यंत फक्त साखरपुडा,” मी म्हटलं. त्याचा चेहरा बघून लगेच सांगितलं की मी गंमत करतोय.

मग मी गुरुजींना फोन केला आणि चांगलाच तापलो. म्हटलं, टीम निवडायचं काम मॅनेजरचं आहे, वधू-वर मंडळाचं नाही. गुरुजी म्हणाले, बरोबर आहे, पण टीम शीटवर सचिवाची सही लागते. टीम शीट म्हणजे खेळणाऱ्या अकरा जणांचा कागद, तो मॅचच्या आधी रेफरीला द्यावा लागतो. सहीशिवाय तो नुसता कागद.

शनिवारी मी लोधीखेड्याला गेलो. अंकुशच्या आईला काय अडलंय ते समोर बसून सांगावं असं वाटलं. कमलाबाई संत्र्यांच्या बागेत तोडणीच्या कामाला जातात. नवरा नाही. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर अंकुशचे शाळेतले तीन मेडल खिळ्याला टांगलेले. त्यांनी चहा ठेवला आणि मी पाच-पाच-एकचा सगळा प्रकार सांगितला. मला वाटलं, त्या रडतील नाहीतर भांडतील. त्यांनी गाळणी बाजूला ठेवली आणि विचारलं,

“जवाईच पायजे काय? दुसरं नातं नाही चालत?”

“म्हणजे?”

“भाचा चालन का? पांढुर्ण्यात माहा भाऊ असता तं पोट्टा तिथला भाचाच झाला असता ना?”

“हो. पण आहे का भाऊ?”

“कोठचाच नाही. मी भाऊबीजेले चंद्राले ओवाळतो दरवर्षी.” ज्या बाईला भाऊ नसतो ती आमच्याकडे भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. कमलाबाईंनी हे इतकं सरळ सांगितलं की मलाच कपाकडे बघावं लागलं. “थो काई बोलत नाही. देतही नाही काई. ह्या वर्षी मान्साले ओवाळून पायतो. तुमच्यात सगळ्यात कडक कोन हाय?”

मी गुरुजींचं नाव सांगितलं. गुरुजींना मात्र मी काहीच सांगितलं नाही. मॅनेजर म्हणून घेतलेला माझा तो पहिला डावपेच.

रविवारी मैदान भरलं होतं. जुन्या जिल्ह्याची पोरं एकसारख्या बॅगा घेऊन उतरली. आमच्यापैकी दोघांकडे शाळेची दप्तरं होती. हरीशेठनं खास माझ्यासाठी एक निळं जॅकेट शिवून आणलं होतं, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘मॅनेजर’. मंडपात गुरुजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, खिशाला पेन. माझ्या हातात टीम शीट, दहा नावं पक्की, अकरावं गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे माझं.

कमलाबाई सकाळच्या बसनं आल्या. पिशवीतून स्टीलचं ताट काढलं, त्यात निरांजन, कुंकू, तांदूळ, सुपारी. सरळ गुरुजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“दादा, पाट नाही हाय. खुर्चीतच बसा. डोकं झाका.”

“हे काय हाय?” गुरुजी अर्धे उठले.

“भाऊबीज.”

“ते तं होऊन गेली!”

“तुमची झाली असन. माही राहिली हाय.”

मंडपातल्या बायका पुढे सरकल्या. वॉर्म-अप करणारी दोन्हीकडची पोरं थांबली. सगळ्या पांढुर्ण्यासमोर ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणायची सोय गुरुजींच्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीत कुठे लिहिलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॉलमधली हवा तपासू लागलो. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, घाम पुसतात. त्यांनी तो डोक्यावर ठेवला.

वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. रेफरी घड्याळ बघत आला होता. त्याला वाटलं, उद्घाटन चाललंय. त्यानंच दोन्ही हातांचा आडोसा धरला, तेव्हा तिसऱ्यांदा वात टिकली. ओवाळून झालं. आता भावानं ताटात काहीतरी घालायचं असतं. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या खुर्चीच्या पाठीवरचं निळं जॅकेट उचललं आणि ताटात ठेवलं. मी ते अजून एकदाही घातलं नव्हतं.

कमलाबाईंनी जॅकेट तिथेच अंगात घातलं. मग गुरुजींनी विचारलं, “पोरगा कोनता तुहा, ताई?”

त्यांनी अंकुशकडे बोट दाखवलं. गुरुजी समजले. रुमाल डोक्यावर तसाच.

“जवाईबापू,” ते मला म्हणाले, “हे तुमचंच काम हाय.”

“हो, गुरुजी.”

“लिवा त्याचं नाव. भाच्याले बाहेर ठेवून मी आता कोठी तोंड दाखवू?”

मी माझ्या नावावर काट मारली आणि खाली अंकुशचं लिहिलं. गुरुजींनी सही केली. रेफरी कागद घ्यायला आला तो निळ्या जॅकेटवरची अक्षरं वाचून सरळ कमलाबाईंकडे गेला आणि म्हणाला, “मॅडम, टॉसला कॅप्टन पाठवा.” त्यांनी त्यालाही कुंकू लावलं.

मॅच सुरू झाली आणि अंकुश बिघडला. साधे पास बाहेर जात होते. अठराव्या मिनिटाला त्यानं समोरच्याच्या पायात बॉल दिला आणि गोल झाला. मंडपातून ओरडा सुरू, “जवाईले उतरवा! जवाईले उतरवा!”

सब्स्टिट्यूट म्हणजे बदली खेळाडू. बाकावरचा माणूस आत पाठवायचा, आतला बाहेर काढायचा. एकदा बाहेर काढलेला परत आत जात नाही. मी बाकावर होतो, पायात बूट होते. खरं सांगतो, मी लेस बांधायला खाली वाकलो. हरीशेठ पळत आले. “ऊठ, मधू. वॉर्म-अप कर. इज्जत चालली.” समोर दोन सिलेक्टर बसले होते. एकानं वहीत काहीतरी लिहून खोडलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्या नावानं ओरडत होते. म्हणजे नावानं नाही, नात्यानं, पण तेवढा फरक त्या क्षणी कोण बघतो! मला उतरायचं होतं. इतकं की एका बुटाची लेस बांधूनही झाली.

तेवढ्यात मागून गुरुजींचा आवाज आला. “कोनी हात नाही लावायचा माह्या भाच्याले! एका चुकीनं काय होते? तुमच्या पोट्ट्यायनं काय कमी चुका केल्या? मी सगळ्यायचे पेपर तपासले हायेत!”

मंडप गप्प झाला. अर्ध्या मंडपाला गुरुजींनी शिकवलं होतं. मी लेस सोडली.

हाफटाइमला संत्री कापून ठेवली होती. अंकुश एकही फोड न घेता मान खाली घालून बसला. मी त्याला एकच गोष्ट सांगितली. “पास दिल्यावर तू उभा राहून बघतोस, बरोबर गेला की नाही. बघू नको. दिला की पळ. चुकला तर मी बघतो, मला तेवढंच काम आहे.”

सेकंड हाफमध्ये तो पळाला. आधी एक पास लागला, मग सलग चार. मधल्या पट्ट्यात बॉल आला की तो तिथे असायचा. मी चौदा वर्षांत जिथे दीड सेकंद उशिरा पोचायचो तिथे हा आधीच उभा. सत्तराव्या मिनिटाला त्यानं दोघांच्या मधून बॉल काढला आणि आमच्या फॉरवर्डनं गोल केला. फोटोत फॉरवर्ड आला. गुरुजी मात्र रेषेवरून धावत होते, रुमाल हातात, “माहा भाचा! माहा भाचा!”

एक-एक बरोबरी झाली. पेनल्टीत आम्ही हरलो. जुन्या जिल्ह्याची पोरं एकसारख्या बॅगा घेऊन फायनलला गेली. हरीशेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते हे, की मधू, त्याच्या आईनं पांढुर्ण्यात भाऊ केला, म्हणजे पोट्टा आता त्यायचा झाला, मंग त्यायचे सहा झाले ना?

कॅम्पचा फोन गुरुवारी आला. अंकुशनं फॉर्मवर मामाचा नंबर दिला होता, त्यामुळे आधी सगळ्या पांढुर्ण्याला कळलं आणि अंकुशला सर्वात शेवटी.

मॅच संपल्यावर मैदानात मी बॉल जाळीत भरत होतो तेव्हा कमलाबाई आल्या होत्या. अंगात ते जॅकेट तसंच. हातात सोललेलं संत्रं.

“सर, माह्या पोरामुळं तुमची जागा गेली न?”

“त्याच्यामुळं नाही. मॅनेजरनं काढलं मला.”

“कोन मॅनेजर?”

“मीच.”

त्यांनी संत्र्याचे दोन भाग केले. मग अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, “खाऊन घ्या. सकाळपासून काई खाल्लं नसन तुम्ही.” खरंच खाल्लं नव्हतं. मी तिथेच जाळीवर बसून खाल्लं आणि मला रडू आलं. कोणी विचारलं असतं तर संत्र्याचा रस डोळ्यात उडाला म्हणून सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

आता नवीन पोरं विचारतात, सर, मॅनेजर व्हायला काय लागतं? मी सांगतो, पहिल्याच यादीत स्वतःच्या नावावर काट मारून बघा. हात अजिबात थरथरला नाही, तर तुम्ही खेळाडू कधी नव्हतात. थरथरला आणि तरी रेघ सरळ आली, तर काम जमेल. माझी रेघ वाकडी आली होती. रेफरीनं चालवून घेतली.